बगळ्याचे ध्यान

नदीकाठी एका पायावर उभा असलेला बगळा आपण सर्वांनी पाहिला आहे. मान आखडलेली, नजर स्थिर, हालचाल नाही. मासा जवळ येईपर्यंत तो ऋषीच! ढोंगी साधनेला आपण 'बकध्यान' म्हणतो ते त्याच्यावरूनच. पण बगळा निदान पाण्यात उभा असतो. पाण्यापासून दूर, शेकोटीपाशी पाय लांबवून, मांडीवर पुस्तक घेऊन चार-पाच महिने माशांचेच चिंतन करणाऱ्या माणसाला काय म्हणावे?

अशी माणसे इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ आहेत. तिकडच्या थंड, वाहत्या नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. पाण्यावर उतरणारे नाजूक किडे हे त्याचे एक आवडते खाद्य. लहानशा गळावर पिसे, रेशीम, लोकर बांधून त्या किड्याची प्रतिकृती करायची आणि लवचीक काठीने ती अशी अलगद पाण्यावर टाकायची, की माशाला खरा किडाच उतरला असे वाटावे, या कलेला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. हिवाळ्याच्या सुमारास हा मासा अंडी घालतो. म्हणून साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत इंग्लंडातल्या बहुतेक नद्यांवर त्याला धरायला कायद्याने बंदी असते. गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी नांगरून पडतात, तोच हा न्याय. आपल्याकडे चातुर्मासात पोथी निघते. त्यांच्याकडे बंद मोसमात मासेमारीची पुस्तके निघतात. आणि ती इतकी रसाळ आहेत, की आयुष्यात कधी गळ हाती न धरलेल्या माझ्यासारख्या माणसालाही त्यांनी गुंतवून ठेवले.

मात्र वाचता वाचता एक शंका मनात शिरली ती जाईना. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे स्मरण करीत बसणाऱ्याला 'मिथ्याचार' म्हटले आहे. हात बांधलेले आणि मन नदीवर! शेकोटीपाशी बसलेला हा वाचक नेमका असाच नाही काय? कायद्याने त्याची काठी खुंटीला टांगली, पण लोभ खुंटीला टांगता येत नाही.

शंका वरवरची नव्हे, हे या साहित्याचा आद्य ग्रंथच दाखवतो. लंडनमधला कापडाचा व्यापारी आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली 'द कम्प्लीट अँग्लर' प्रसिद्ध केला. चारच वर्षांपूर्वी, १६४९ मध्ये, इंग्रजांनी आपल्या राजाचा शिरच्छेद केला होता. वॉल्टन राजपक्षाचा. देश यादवीने पोळलेला असताना त्याने नदीकाठाने चालता चालता होणारा एक गुरुशिष्यसंवाद लिहिला. त्यात कुरणे आहेत, पक्ष्यांचे गाणे आहे, रात्रीची धर्मशाळा आहे. या विद्येला त्याने चिंतनशील माणसाचा विरंगुळा म्हटले. (पिसांच्या माशीचा सविस्तर भाग मात्र त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने १६७६ च्या आवृत्तीत जोडला.) इतका शांत, निर्वैर ग्रंथ क्वचितच असेल. आणि याच ग्रंथात जिवंत बेडूक गळाला कसा लावावा याची कृती आहे. तो जास्त वेळ जगावा म्हणून त्याच्यावर प्रेम असल्यासारखे हळुवारपणे ते काम करावे, असा सल्लाही आहे! वाचताना अंगावर काटा येतो. कवी बायरन याने 'डॉन जुआन'च्या तेराव्या सर्गात वॉल्टनवर आग पाखडली, ती उगीच नव्हे. या क्रूर म्हाताऱ्याच्याच घशात गळ अडकवून तो ओढायला एखादा छोटा मासा ठेवावा, अशी त्याची सूचना होती. हळुवार भाषेने क्रौर्य कमी होत नाही, कधी कधी ते फक्त झाकले जाते. एवढे बायरनच्या पदरात टाकलेच पाहिजे.

मग ही पुस्तके मिटून ठेवावीत काय? मला तसे वाटत नाही. माझे कारण एका शब्दात आहे. गीतेने जेथे दोष दाखवला तेथे शब्द 'स्मरण' हाच आहे. आणि भागवतात नवविधा भक्ती सांगितली आहे तेथे तिसरी भक्तीही 'स्मरण' हीच आहे. एकच क्रिया एकीकडे ढोंग ठरते, दुसरीकडे साधना. फरक कोठे पडतो? आठवणाऱ्याचे मन आठवता आठवता कोणाभोवती फिरते, यात. 'मी किती धरले, पुन्हा किती धरीन' असे ते स्वतःभोवती फिरत राहिले तर तो बगळा. पण आठवता आठवता 'मी' मागे पडून नदी पुढे येऊ लागली, तर काहीतरी वेगळे घडत असते.

या कसोटीवर तीन पुस्तके घासून पाहू.

सर एडवर्ड ग्रे हे १९०५ ते १९१६ ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर ते त्या खुर्चीत होते. त्यांचे 'फ्लाय फिशिंग' १८९९ चे. हँपशरमधल्या इचेन नदीकाठी त्यांची एक साधी झोपडी होती आणि लंडनच्या कामातून सुटका झाली की ते तिकडे धाव घेत. पुढे त्यांची दृष्टी अधू होत गेली. पाण्यावर तरंगणारी बारीक माशी दिसेनाशी झाली, तेव्हा तशा तरंगत्या माशीने ट्राउट धरणे त्यांना सोडावे लागले. पण त्यांच्या पुस्तकात माशांच्या वजनापेक्षा जूनमधली पहाट, झाडांची पालवी आणि पक्ष्यांचे आवाज जास्त आहेत. ज्याने नदीवर फक्त मासेच पाहिले असते, त्याच्याजवळ दृष्टी गेल्यावर काय उरले असते?

दुसरे, नॉर्मन मॅक्लीन यांचे 'अ रिव्हर रन्स थ्रू इट'. शिकागो विद्यापीठात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या या प्राध्यापकांनी सत्तरी उलटल्यावर ते लिहिले आणि १९७६ साली ते प्रसिद्ध झाले. माँटाना राज्यातली ब्लॅकफूट नदी, धर्मोपदेशक वडील आणि मासेमारीत अद्वितीय असा धाकटा भाऊ पॉल. या भावाचा १९३८ मध्ये शिकागोत खून झाला होता. ज्याला हात देऊ पाहिला पण देता आला नाही अशा माणसावर प्रेम कसे करावे, हा त्या पुस्तकाचा प्रश्न आहे. तेथे मासा केवळ निमित्त. भावाच्या हातातली ती काठी डोळ्यांपुढून हलत नाही, एवढेच.

तिसरे रॉडरिक हेग-ब्राऊन. जन्म इंग्लंडचा, वास्तव्य कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, काम मॅजिस्ट्रेटचे. 'अ रिव्हर नेव्हर स्लीप्स' (१९४६) हे त्यांनी जानेवारी ते डिसेंबर अशा महिन्यांनुसार रचले. 'फिशरमन्स विंटर' (१९५४) मध्ये मात्र गंमत आहे. हिवाळा बसून काढण्याऐवजी हे गृहस्थ चिली-अर्जेंटिनात, जेथे तेव्हा उन्हाळा असतो, मासे धरायला गेले! म्हणजे तेही मोहातून सुटले नव्हते. पण दहा वर्षांनंतरच्या 'फिशरमन्स फॉल'मध्ये हाच माणूस काठी बाजूला ठेवून पाण्याखाली बुडी मारतो आणि सामन मासे नुसते पाहत राहतो. गळापासून नजरेपर्यंतचा हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. नद्या आणि त्यांतले मासे वाचावेत म्हणून ते आयुष्यभर धरणे आणि प्रदूषण यांच्याविरुद्ध बोलत राहिले, याचे मूळही त्या पाहण्यातच असावे.

येथे कोणी म्हणेल, 'हे सगळे वाचकाचे कौतुक झाले. माशाला त्याचे काय?' प्रश्न रास्त आहे. मासा धरून पुन्हा सोडण्याची रीत आता पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. पण खायचा नाही आणि तरी खेळवायचा, हे अधिकच वाईट नव्हे काय? स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरणे निषिद्ध ठरवले, ते याच विचाराने. माझ्याजवळ माशाला पटेल असे उत्तर नाही. इतकेच म्हणेन, की गळ टाकणाऱ्याला स्वतःच्या गळाविषयी प्रश्न पडावा, यासाठी आधी त्याने कोठेतरी स्वस्थ बसून पाण्याकडे बिनगळाचे पाहायला हवे. बंद मोसम ती सवड देतो. पुस्तक ती सवड वाया जाऊ देत नाही.

आणि हा विचार मासेमाऱ्यांपुरताच राहत नाही. प्रत्येकाची एखादी नदी असते, आणि कधी ना कधी तिच्यावर बंदी येते. वय आडवे येते, डोळे साथ सोडतात, नोकरी संपते. आमच्याही खडू-फळ्याचा मोसम आता फार उरलेला नाही. त्यानंतर आठवणी येणारच. त्या कोणी रोखू शकत नाही. त्या आठवणींत आम्हीच मिरवत राहिलो तर गीतेचा ठपका आम्हांला लागू. समोरच्या बाकांवरची मुले स्पष्ट दिसू लागली, शिकवताना दिसली होती त्याहून अधिक स्पष्ट, तर मात्र शेकोटीपाशी बसायला हरकत नाही.