गृहिणीचें ताट आणि गृहाचें कर्तव्य

आपल्या घरांतून गर्भार सुनेचें जें कौतुक होतें त्याला तोड नाहीं. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण होतें, झोपाळा फुलांनीं मढवितात, पक्वान्नें होतात, आणि तिला काय खावेंसें वाटतें हें सासूनणंदा पुनः पुन्हां विचारतात. ही रीत सुंदर आहे. तिची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु जिला त्या दिवशीं पाटावर बसवून आग्रहानें वाढलें, ती त्यापूर्वीं दोन-चार वर्षें त्याच घरांत काय जेवत होती, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर देणें पुष्कळांस जड जाईल. सर्वांची पानें उरकल्यावर कढईला चिकटलेली भाजी, तळाशीं राहिलेली आमटी आणि सकाळची पोळी हें अजूनहि कित्येक घरांतून घरच्या बाईचें जेवण असतें. तिच्यावर ही सक्ति कोणी केलेली असतेच असें नाहीं. ती आपण होऊन मागें राहते, आणि आपण त्यास त्याग असें नांव देऊन मोकळे होतों. ह्या त्यागाचा विचार आज थोडा खोल जाऊन करावा असें आम्हांस वाटतें.

स्त्रीच्या आहाराचा तिच्या अपत्यधारणेशीं संबंध आहे हें आतां केवळ वडीलधाऱ्या बायकांचें मत राहिलेलें नाहीं. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, जर्मन सैन्याच्या ताब्यांत असलेल्या पश्चिम हॉलंडांत दारुण अन्नटंचाई झाली. ॲम्स्टरडॅमसारख्या शहरांत माणशीं मिळणारा शिधा दिवसाला १००० कॅलरींच्याहि खालीं गेला. त्या काळांत पुष्कळ स्त्रियांची मासिक पाळी थांबली, आणि नऊ महिन्यांनंतर तेथील जन्मसंख्या एकदम घसरली. १९४५ च्या मे महिन्यांत देश मुक्त झाला, अन्न आलें, आणि त्यामागोमाग पाळणेहि पुन्हां हलूं लागले. ह्याचें कारण शरीराच्या रचनेंतच आहे. मेंदूंतील हायपोथॅलॅमस नांवाचा लहानसा भाग शरीरांतील साठ्याची वार्ता घेत असतो. चरबींतून रक्तांत मिसळणारें लेप्टिन नांवाचें द्रव्य, ज्याचा शोध १९९४ सालीं लागला, तें ही वार्ता नेणारा एक दूत होय. साठा फार घटला कीं बीजांडकोशाकडे जाणारी आज्ञा मंदावते आणि बीज पक्व होऊन सुटत नाहीं. उलट, चरबी अतोनात वाढली तरीहि ही व्यवस्था बिघडूं शकते. अशा कित्येक स्त्रियांची पाळी वजन शेंकडा ५ ते १० उतरल्यावर पुन्हां नियमित होते.

मात्र येथें एक सावधगिरी अवश्य आहे. आहाराचा परिणाम होतो म्हणजे अपत्य न होणें हा स्त्रीच्या आहाराचाच दोष, असें मुळींच नव्हे. क्षयरोगासारख्या विकारानें गर्भनलिका बंद झाली असेल तर कोणतेंहि पथ्य ती उघडणार नाहीं. शिवाय अपत्यहीन जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटें अथवा जोडीला, असतेंच. तरी आपल्याकडे वांझ हा शब्द आहे तो स्त्रीसाठीं, आणि सोळा सोमवार करावयाचे तेहि तिनेंच. जुन्या काळीं नशिबास बोल लागे. आतां ‘तूं नीट खातच नाहींस’ असा बोल तिलाच लागतो. जिला घरानें शेवटीं वाढलें, तिलाच कमी खाल्ल्याबद्दल दोषी धरावें, ह्याहून मोठा अन्याय कोणता?

ह्या प्रश्नाचें मर्म उकलणारी एक हकीकत आपल्या मुंबईशींच निगडित आहे. ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ सालीं तेथें आल्या. गिरणींत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गर्भारपणीं जो घातक पांडुरोग होत असे, त्याचें कारण त्या शोधीत होत्या. रोगाचें मूळ जंतूंत नसून ताटांतील उणिवेंत आहे, असें त्यांच्या ध्यानांत आलें. आणि यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें, आणि पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक ॲसिड हें नांव मिळालें. नंतर १९९१ सालीं ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें आणखी एक गोष्ट सिद्ध केली. ज्या मातांना पूर्वीं मज्जानलिकेचें व्यंग असलेलें मूल झालें होतें, त्यांनीं गर्भधारणेच्या आधींपासून हें द्रव्य घेतलें, तर तें व्यंग पुन्हां उद्भवण्याचा संभव शेंकडा ७२ इतका कमी झाला.

‘आधींपासून’ ह्या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेपासून सुमारें २८ दिवसांतच मिटून पुरी होते. घरांत गोड बातमी कळते तेव्हां हे दिवस बहुधा उलटून गेलेले असतात. डोहाळजेवणाचें ताट कितीहि भरलेलें असो, ह्या कामासाठीं तें सहा महिने उशिरां आलेलें असतें. म्हणजे मातृत्वाचें बक्षीस म्हणून अन्न देऊं पाहणारें घर स्वतःच्या स्वार्थालाहि चुकतें. जें आधींच द्यावयाचें, तें कांहीं अट न घालतांच द्यावें लागतें.

पण केवळ स्वार्थाच्या ह्या हिशेबावर थांबणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. नातवंडासाठीं सुनेस दूध द्यावें असें म्हटलें, तर जिला मूल झालेंच नाहीं तिच्या दुधाचें काय? जिची पाळी गेली तिचें, किंवा घरांतल्या विधवा आत्याचें काय? शेतांत पीक यावें म्हणून खत घालतात. माणसाला अन्न द्यावयाचें तें त्याला भूक आहे म्हणून. स्त्रीचें शरीर प्रथम तिचें आहे, आणि मग, असलेंच तर, कोणाच्या तरी मातेचें.

कोणी म्हणेल, ती स्वखुशीनें मागें राहते. तिच्या त्यागांत ढवळाढवळ कां करावी? ह्यास आमचें उत्तर असें कीं, जो त्याग घरांत नेहमीं एकाच माणसाच्या वांट्यास येतो, तो सद्गुण राहत नसून वहिवाट बनतो. शिळी पोळी खाणें पुण्याचें असेल, तर तें पुण्य आठवड्यांतून एकदां मुलानें आणि त्याच्या वडिलांनीं जोडण्यास हरकत कोणती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. मासिक स्राव आणि बाळंतपणें हीं त्याचीं कारणें आहेत हें खरें. परंतु जिचें रक्त अधिक खर्ची पडतें तिला अधिक वाढावें, हा साधा न्याय होय. आणि चूल एक असूनहि कित्येक घरांत वाढप नेमकें त्याच्या उलट होतें.

उपाय खर्चाचा नाहीं. सर्वांनीं एका वेळीं पानावर बसावें, पालेभाजी, उसळ व दूध ह्यांचे वांटे आधींच करावे, आणि उरलेंसुरलें असेल तें सर्वांनीं वांटून घ्यावें. अशानें प्रत्येक घरीं पाळणा हलेल असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं. तें शास्त्रहि देत नाहीं. पण पाळणा हलो वा न हलो, त्या घरांत कोणी उपाशी राहून इतरांस वाढीत नाहीं, एवढें तरी आपल्याला मान वर करून म्हणतां येईल.