म्हणीला चेहरा मिळाला की

म्हण उच्चारली की बहुधा बोलणे संपते. पगारवाढ मागणाऱ्याला, मोठ्या घराचे स्वप्न पाहणाऱ्याला कुणीतरी ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे ऐकवतो आणि तो गप्प होतो. पिढ्यानपिढ्यांच्या शहाणपणाशी भांडायचे कसे? माझे म्हणणे असे, की हीच म्हण चित्रात उतरवली तर तिच्याशी भांडता येते, आणि भांडायला हवेही.

मुंबईतल्या लालबागच्या चाळीत ती काढून पाहा. कापड गिरण्या भरात असताना इथल्या एकेका खोलीत कोकणातले, घाटावरचे कितीतरी गडी राहत. जेवण खानावळीत, झोप पाळीनुसार. रात्रपाळीचा गडी परतला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागेत आडवा होई. चित्रकाराला इथे अंथरुणाची लांबी दाखवावीच लागेल, शेजाऱ्याचे पायही आणि खिडकीबाहेरचे गिरणीचे धुराडेही. मग पाहणारा आपसूक विचारेल, की अंथरूण एवढे आखूड बेतले कोणी? नुसत्या बोलण्यात हा प्रश्न दडून राहतो.

चित्राची ही ताकद सत्तेला फार पूर्वीच कळली होती. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याला अधाशी राक्षसाच्या रूपात काढल्याबद्दल व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए १८३२ मध्ये तुरुंगात गेला. १८३५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये चित्र छापण्याआधी परवानगी सक्तीची झाली. छापील मजकुरावर तशी पूर्वतपासणी नव्हती. दोमिएच्याच वर्तुळातला व्यंगचित्रकार ग्रांव्हील मग पुस्तकांच्या चित्रांकडे वळला आणि १८४५ मध्ये त्याच्या चित्रांचे ‘शंभर म्हणी’ हे पुस्तक पॅरिसमध्ये निघाले. राजावर बोट ठेवणे बंद झाल्यावर म्हणीचा आडोसा सापडला, असे मला वाटते. म्हणीचा कर्ता कोणीच नसतो. मग खटला भरायचा कोणावर?

ही परंपरा मुंबईलाही परकी नाही. पॅरिसच्या ‘ल शारिव्हारी’ या व्यंगचित्रांच्या पत्राचे नाव लंडनच्या ‘पंच’ने १८४१ मध्ये आपल्या नावाला जोडले. ‘पंच’च्या वळणावर मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ निघाला आणि पुढे तो ‘हिंदी पंच’ झाला. १९६० मध्ये बाळ आणि श्रीकांत ठाकरे यांचे ‘मार्मिक’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक आले. लालबागचे स्वतःचे चित्रदालन मात्र गणेशोत्सव. गणेश गल्लीचे मंडळ १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. न वाचणाऱ्यालाही कळेल असा देखावा ही इथली जुनी भाषा आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बोलली जाणारी म्हण लवचीक असते, चित्र तिला एकाच अर्थात बांधते. पण त्यातूनच जबाबदारी येते. ‘बळी तो कान पिळी’ ही तक्रार की कबुली? बोलताना दोन्ही चालते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले; पुढे गिरण्यांच्या जमिनीवर टोलेजंग इमारती उठल्या. त्यावर ही म्हण म्हणून सुस्कारा टाकणे सोपे आहे. चित्रकाराला मात्र पिळणाऱ्या हाताला आणि पिळल्या जाणाऱ्या कानाला, दोघांनाही चेहरा द्यावा लागतो. तिथे त्याची बाजू ठरते.

म्हणून लालबागच्या मंडळांनी म्हणींचे देखावे करावेत, आणि तेही म्हणींनाच प्रश्न विचारणारे. वारशाने मिळाली एवढ्यावर म्हण खरी ठरत नाही. प्रत्येक पिढीने ती आपल्या वस्तीला लावून पाहावी. पटली तर जपावी, नाही तर नवी घडवावी.