दुखण्याच्या घरातील प्रसाद



षट्स्थळांपैकी तिसरे स्थळ प्रसादी. भक्त आणि महेश ही दोन स्थळे ओलांडून साधक येथे येतो, तेव्हा त्याच्यापुढे एक अगदी घरगुती प्रश्न उभा राहतो. जगात चांगल्या वस्तू आहेत, त्या डोळ्यांना, कानांना, जिभेला हव्याशा वाटतात; त्यांचे काय करावयाचे? भोगी म्हणतो, घ्यावे. विरक्त म्हणतो, टाकावे. शरणांनी तिसराच मार्ग दाखविला. इंद्रियाला जे मिळेल ते आधी लिंगाला अर्पण करावे आणि मग प्रसाद म्हणून स्वीकारावे. या मार्गाची दोन कलमे आहेत. अनर्पित घेऊ नये, हे पहिले; ते सर्वांना ठाऊक असते. अर्पित झालेले नाकारू नये, हे दुसरे. त्याचा मात्र विसर पडतो. हातावर आलेला प्रसाद टाकणे हाही आपल्या परंपरेत दोषच मानला आहे.

या दुसऱ्या कलमाचा विचार करण्यास एक निमित्त झाले. सीमाभागातील एक भक्त-दांपत्य मठाशी जुने संबंध ठेवून आहे. नावगाव सांगण्याचे कारण नाही. गृहस्थ शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पत्नीला नऊ वर्षांपासून एक क्वचित आढळणारे दुखणे जडलेले. मध्यंतरी गृहस्थांनी चांगल्या कॅमेऱ्याचा नवा मोबाइल घेतला, कानांत घालावयाचे बिनतारी ईअरफोन घेतले. परसातल्या चिमण्यांचे फोटो काढावेत, संध्याकाळी मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायिलेली वचने ऐकावीत, यात ते लहान मुलासारखे रमू लागले. तेव्हा घरातील थोरल्या जाऊबाईंनी चारचौघांत विचारले, "भाऊजी, घरात एवढं दुखणं, आणि तुम्हांला खेळणी सुचतात?" गृहस्थ गप्प राहिले. पण तो प्रश्न घेऊन ते मठात आले. "अप्पाजी," ते म्हणाले, "तिला सोसावं लागतं आणि मला आनंद होतो, हे पाप आहे का?"

प्रश्न एकट्या त्यांचा नाही. ज्या ज्या घरात अंथरूण कायमचे पसरलेले असते, त्या त्या घरात तो केव्हा ना केव्हा येतो. म्हणून त्याचा नीट विचार करू.

आधी ते दुखणे समजून घेतले पाहिजे. त्याचे नाव मायास्थेनिया ग्रेव्हिस. लाखात साधारण पंधरा ते पंचवीस माणसांना ते असते. अमिताभ बच्चन यांना ते झाल्याची बातमी १९८४ साली आली, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी हे नाव प्रथम ऐकले. मज्जातंतूकडून स्नायूला हालचालीचा निरोप एका रसायनाच्या द्वारे जातो. स्नायूवर तो निरोप घेणाऱ्या जागा असतात. शरीराचे रक्षण करणारी व्यवस्थाच चुकून त्या जागांवर हल्ला करते, त्या अडवते, नष्ट करते. त्यामुळे पहिली हालचाल ठीक होते, पुढची उणावते, त्यापुढची आणखी उणावते. विश्रांती घेतली की बळ परत येते. पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, घास गिळता येत नाही, बोलता बोलता आवाज नाकात जाऊन क्षीण होतो. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली अशा एका स्त्रीचे वर्णन लिहून ठेवले आहे. ती बराच वेळ बोलली की तिची वाचाच जाई. पुढे १९३४ साली मेरी वॉकर या डॉक्टरबाईंना लंडनमध्ये या दुखण्यावर गुणकारी औषध सापडले, आणि आज पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या व इतर उपचार यांच्या आधारे पुष्कळ रुग्ण दीर्घकाळ संसार करतात.

पण तो संसार गोळीच्या घड्याळावर चालतो. गोळीचा अंमल तीन-चार तास. म्हणून जेवण केव्हा, तर गोळीनंतर पाऊण तासाने. उन्हाळा वाईट, कारण उष्णतेने अशक्तपणा वाढतो. काही नेहमीची प्रतिजैविके या रुग्णांना बाधतात, म्हणून साध्या तापासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले तरी वर्ज्य औषधांची यादी बरोबर न्यावी लागते. श्वासाच्या स्नायूंना अशक्तपणा आला, तर रुग्णालयात तातडीने हलवावे लागते. या सगळ्यावर कडी म्हणजे लोकांचा अविश्वास. सकाळी ही बाई अंगणात उभी राहून शेजारणीशी बोलते आणि दिवेलागणीला तिला केस विंचरायला हात वर नेता येत नाही. पाहणारा म्हणतो, सोंग असेल. दुसरा म्हणतो, मागच्या जन्मीचे असेल. भक्तांनी हे दुसरे बोलणे तर तोंडावाटे काढूच नये. शरीराच्या एका बिघाडाला पापाचे नाव देणे म्हणजे रुग्णाच्या माथी आणखी एक रोग मारणे होय.

या भगिनीने एकदा मला विचारले, "अप्पाजी, दिवेलागणीला पूजेला बसते तर तळहातावर दोन लिंगं दिसत्यात. खरं कोणतं?" तिचा डावा हातही फार वेळ वर राहत नव्हता. मी म्हणालो, "ताई, कोपराखाली उशी घ्या, डोळे मिटा. दोन दिसतात ती डोळ्यांना, तळहाताला भार एकाचाच लागतो." शरणशास्त्रात सहा लिंगांची सहा मुखे सांगितली आहेत. आचारलिंगाला गंध, गुरुलिंगाला रुची, शिवलिंगाला रूप, जंगमलिंगाला स्पर्श, प्रसादलिंगाला शब्द आणि महालिंगाला तृप्ती. डोळ्यांचे दार संध्याकाळी बंद होत असेल, तर स्पर्शाचे उघडे आहे, कानाचे उघडे आहे. पूजा अडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जाऊबाईंच्या बोलण्यात काही तथ्य आहे का? आहे. पती-पत्नी एकमेकांच्या दुःखाचे वाटेकरी आहेत, असे आपण मानतो. कल्याणच्या शरणांनी संसार टाकला नाही. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा, मोळिगे मारय्या आणि महादेवी, हडपद अप्पण्णा आणि लिंगम्मा, अशी जोडपीच्या जोडपी अनुभावात आढळतात. तेव्हा एकाने अंथरुणावर पडावे आणि दुसऱ्याने मौज करावी, हे त्या सहजीवनाशी विसंगत दिसते खरे.

परंतु दुःख वाटून घेणे म्हणजे काय, हे तपासले पाहिजे. पतीने गाणे ऐकणे सोडले, तर पत्नीच्या पापण्या उघडतात का? त्याने वाळलेले तोंड करून बसल्याने तिच्या घशाखाली एक तरी घास अधिक उतरतो का? जो त्याग कोणापर्यंत पोचत नाही तो दासोह होत नाही, कारण दासोहात दिलेले कोणाच्या तरी पदरी पडावे लागते. उलट अशा त्यागाचे एक ओझे रुग्णावरच पडते. आपल्यामुळे या माणसाचे हसणे गेले, ही टोचणी तिला रात्रंदिवस लागते. जिला पाण्याचा तांब्या उचलवत नाही, तिने हे ओझे का उचलावे?

मी त्या भगिनीलाच विचारले. ती म्हणाली, "अप्पाजी, नऊ वर्षं आमच्या घरात औषधाशिवाय नवं काही आलंच नव्हतं. आता पार्सल आलं तर ते गोळ्यांचंच असेल असं नाही. हे आधी मला दाखवतात. सकाळी माझे डोळे चांगले असतात, तेव्हा कालच्या चिमण्या आम्ही दोघं मोबाइलवर बघतो." मोबाइलला ओळी वाचून दाखविता येतात हे त्या गृहस्थांनी शोधून काढले, आणि डोळे थकल्यावर तिला वचनांचे पुस्तक कानांनी वाचता येऊ लागले. पण मला येथे एक सावधगिरी सुचवावयाची आहे. हे यंत्र पत्नीच्या उपयोगी पडते म्हणून क्षम्य, एरवी नाही, असे माझे म्हणणे नाही. चिमण्यांचे फोटो कोणाच्याच औषधाच्या उपयोगाचे नाहीत. तो निव्वळ आनंद आहे. आणि निव्वळ आनंदही अर्पण करता येतो. सकाळी तो तिच्यापुढे ठेवला जातो, ती तो पाहते, हसते. मग उरतो तो प्रसाद.

सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे आपल्या सर्वांना ठाऊक असलेले कुमार गंधर्व, देवासला क्षयाने अंथरुणाला खिळले होते. दुखणे वेगळे, काळ वेगळा. गाणे बंद होते; पत्नी भानुमतीबाई नोकरी करून घर चालवीत होत्या. त्या अंथरुणावर माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली आणि पुढे त्यांच्या गायनात ती फुलली. त्या घरात कोणी म्हटले असते, की दुखणे आहे तोवर सूर नको, तर काय झाले असते?

मात्र प्रत्येक नवी वस्तू प्रसाद होते असे नाही. म्हणून तीन कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी पैशाची. आयदक्की मारय्याने एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा लक्कम्माने ते परत टाकून येण्यास सांगितले, ही कथा आपण जाणतोच. त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे. घरात काय यावे, किती यावे, याचा निर्णय पत्नीने दिला आणि पतीने तो मानला. तेव्हा वस्तू घेण्याआधी रुग्णाच्या औषधाचा, तपासणीचा, अचानक येणाऱ्या रुग्णालयाच्या खर्चाचा हिशेब बाजूला काढावा, आणि उरलेल्यातून घ्यावयाचे ते तिला विचारून घ्यावे. जी वस्तू लपवून आणावी लागते ती अर्पित होऊ शकत नाही.

दुसरी कसोटी तृप्तीची. महालिंगाला तृप्तीच अर्पण होते. आजचा व्यापार अतृप्तीवर चालतो; काल घेतलेले आज जुने झाले असे तो रोज सांगतो. एका मोबाइलचा आनंद दुसरा बाजारात येताच सुकत असेल, तर वस्तू हाती आली आणि प्रसाद हाती आला नाही असे समजावे. अल्लमप्रभूंच्या दृष्टीने माया वस्तूत राहत नाही, मनाच्या आशेत राहते. म्हणून तपासावयाचे ते आपले मन. आणि या बाबतीत रुग्णच आपला गुरू होऊ शकतो. दिवसाचे बळ किती, ते कशावर खर्चावे, हे त्या भगिनीला रोज सकाळी ठरवावे लागते. बोलणे की विंचरणे की पूजा, याची निवड करून ती मिळालेल्यात दिवस पुरा करते.

तिसरी कसोटी हाकेची, आणि ती सर्वांत कठीण. त्या भगिनीने पतीविषयी एकच तक्रार केली, तीही हळू आवाजात. "संध्याकाळी हे दोन्ही कानांत ते घालून बसले की माझी हाक जात नाही." संध्याकाळी तिचा आवाज मुळातच क्षीण असतो. श्वास अडला तर तिला ओरडता येणार नाही. शब्द हे प्रसादलिंगाचे मुख आहे असे वर सांगितले. ज्या कानाने मन्सूरांचे वचन प्रसाद म्हणून घ्यावयाचे, त्याच कानाने घरातल्या माणसाची हाकही घ्यावयाची असते. एकीसाठी दुसरी बंद केली, तर गाणे वचनाचे असूनही तो भोगच झाला. अडचणीच्या घरातून पळून जाण्यास आज दाराबाहेर पडावे लागत नाही. खुर्चीवर बसूनही माणूस घर सोडून जातो. मी गृहस्थांना एवढेच म्हणालो, "गुरुजी, एक कान मोकळा ठेवा. आणि तिच्या हाताशी एक घंटी ठेवा." त्यांनी ते मानले. आता एका कानात गाणे असते.

मग दोन्ही कानांनी त्यांनी गाणे कधी ऐकावे? हा प्रश्न मात्र त्यांना विचारून उपयोग नाही, तो आपल्याला आहे. दुर्मिळ दुखण्याच्या घरी माणसे एकदा चौकशीला येतात, नाव ऐकून बुचकळ्यात पडतात आणि मग येत नाहीशी होतात. २००८ पासून जगभर फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशी दुर्मिळ आजार दिन पाळतात, २०२१ साली आपल्या सरकारने दुर्मिळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. पण शेजारच्या घरातील संध्याकाळ कोणत्याही धोरणाने भरून निघत नाही. सेवा करणाऱ्याने आनंद घ्यावा की नाही, याचा निवाडा करण्यास आपण फार लवकर पुढे होतो. त्याऐवजी आठवड्यातून एक संध्याकाळ त्या भगिनीपाशी जाऊन बसावे. तिला बोलावयास लावू नये, आपणच चार शब्द बोलावेत किंवा नुसते बसावे. गोळीची वेळ विचारून घ्यावी. तेवढा वेळ गुरुजींना परसात जाऊन दोन्ही कानांनी गाणे ऐकू द्यावे. वेळेचा हा दासोह ज्याच्यापाशी धन नाही त्यालाही करता येतो.

जाऊबाईंना मी हेच सांगून पाठविले. त्या आता दर गुरुवारी जातात, असे कळते.

शरणु शरणार्थी.