दिला हात, धरला हात

गेल्या वर्षी लेकीच्या लग्नाच्या याद्या करीत होतो. गुरुजी साहित्य सांगत होते. कन्यादानाचे नाव निघाले आणि लेक एकदम म्हणाली, "बाबा, दान वस्तूचंच करतात ना?"

मला उत्तर सुचेना. दान आपल्या मालकीचे करावे, एवढे मला ठाऊक होते. पण माणूस का कुणाच्या मालकीचा असतो?

रात्री विधीचे जुने पुस्तक काढून बसलो. कन्यादान आणि पाणिग्रहण हे आपण एकच समजतो; पण दोहोंत मोठे अंतर आहे. कन्यादानात हात दिला जातो, पाणिग्रहणात तो धरला जातो. देताना बाप जावयाशी बोलतो. धरताना वर थेट वधूशी बोलतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात हा मंत्र आहे. भाग्यासाठी तुझा हात धरतो, माझ्यासोबत तुला वार्धक्य लाभो, असा त्याचा आशय. आश्वलायन गृह्यसूत्र तर सांगते की मुलगे हवे असतील तर अंगठा धरावा, मुली हव्या असतील तर बोटे, आणि दोन्ही हवी असतील तर सगळा हात. मुलीही मागणारी माणसे तेव्हा होती म्हणायची! तरी धरणारा तोच, ही गोष्ट उरतेच.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदी आहे तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. पावले मोजता येतात. हात धरणे पूर्ण केव्हा व्हायचे?

माझे वडील अखेरची तीन वर्षे अर्धांगवायूने अधू झाले होते. रोज संध्याकाळी आई त्यांचा हात धरून त्यांना ओसरीवर आणी. बोहल्यावर मंत्र म्हटला होता त्यांनी. तो पाळीत होती ती. त्या दोन सुरकुतलेल्या हातांत धरणारा कोणता, हे पाहणाऱ्याला ओळखू येत नसे.

सकाळी लेकीला म्हणालो, "आपल्या भाषेत पाणी सोडणं म्हणजे हक्क सोडणं. मी तुझ्यावर पाणी सोडणार नाही. तुझ्यावरच्या माझ्या हक्कावर सोडीन."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चालेल. पण मीही त्याचा हात धरणार."

लग्नात गुरुजींनी मंत्राचा अर्थ मराठीत सांगितला आणि तो दोघांनी एकमेकांना म्हटला. मी पाणी सोडले. सोपे नव्हते ते. हक्क आहे हे तो सोडतानाच कळले.