किती दूर, म्हणजे किती जुने?

१९१२ सालच्या डिसेंबरातल्या शेवटच्या तीन रात्री. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर एकच छायाचित्रण-काच २४ इंची दुर्बिणीला लावून बसले होते. रोख होता देवयानी तारकासमूहातल्या एका धूसर डागावर. लोलकातून गेल्यावर त्याचा प्रकाश इतका क्षीण होई, की एका रात्रीत काचेवर धड काही उमटत नसे. उजाडले की काच झाकायची, अंधार पडला की पुन्हा उघडायची. अखेर उमटलेल्या इवल्याशा वर्णपटातल्या रेषांच्या जागा सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्यावर निघाले, की हा डाग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतो आहे. आकाशातल्या कुठल्याही वस्तूचा इतका वेग तोवर कोणी नोंदवलेला नव्हता.

स्लायफर थांबले नाहीत. १९१७ पर्यंत त्यांनी अशा २५ सर्पिल अभ्रिकांचे वेग मोजले आणि त्यांतल्या २१ आपल्यापासून दूर चाललेल्या निघाल्या. देवयानीतली ही मोजक्या अपवादांपैकी एक ठरली. पण या अभ्रिका म्हणजे नेमके काय, आपल्याच आकाशगंगेतले वायूचे भोवरे की तिच्यासारखी स्वतंत्र ताऱ्यांची नगरे, म्हणजे दीर्घिका, याचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. वेग हाती होता, अंतर नव्हते.

अंतराची गुरुकिल्ली हार्वर्डच्या वेधशाळेत सापडली. तिथे अल्प वेतनावर छायाचित्रांच्या काचा तपासणाऱ्या स्त्रियांपैकी हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्येच दाखवून दिले, की सेफीड जातीचा रूपविकारी तारा जितका सावकाश उजळतो-मंदावतो, तितका तो मुळात अधिक तेजस्वी असतो. मूळ तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. १९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीने एडविन हबल यांना देवयानीच्या अभ्रिकेत असाच एक तारा गवसला. काचेवर आधी त्यांनी त्याला नवतारा म्हणून खूण केली होती. ती खोडून शेजारी लाल शाईत ‘रूपविकारी’ अशी उद्गारचिन्हासह नोंद केली. त्या एका ताऱ्याने आकाशगंगेबाहेरचे विश्व खुले केले. देवयानी दीर्घिकेचे आज मान्य असलेले अंतर आहे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे.

पुढे हबल यांनी दोन कामे केली आणि ती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली गेली. १९२६ मध्ये दीर्घिकांची आकारांवरून वर्गवारी लावली: लंबवर्तुळाकार, सर्पिल, मध्यातून दंड आरपार गेलेल्या सर्पिल, आणि कशातच न बसणाऱ्या अनियमित. १९२९ मध्ये अंतर आणि वेग यांचा मेळ घालून दाखवले, की जितकी दीर्घिका लांब तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त. त्या निबंधातले बहुतेक वेग स्लायफर यांनी मोजलेले होते, पण त्यांच्या नावाचा उल्लेख तिथे नाही. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी हाच निष्कर्ष १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढला होता. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने हबल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमाला लमेत्र यांचेही नाव जोडण्याची शिफारस केली. स्लायफर यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही, आणि हा अन्याय आजही खटकावा असाच आहे.

आकारांची यादी एका बाजूला, वेगांचा आलेख दुसऱ्या बाजूला, अशी शाळेच्या पुस्तकांतली मांडणी अजूनही असते. ती अपुरी आहे. आकार आणि प्रसरण यांना जोडणारा दुवा आहे काळ.

प्रसरण म्हणजे दीर्घिका पोकळीतून चौफेर सुसाट पळत आहेत असे नव्हे. अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीत सगळे ठिपके तेच ठेवून, जणू अंगणच ताणून, मधले अंतर दुप्पट केले, तर शेजारचा ठिपका एका बोटावरून दोन बोटांवर जाईल, दहा बोटांवरचा वीस बोटांवर. कुठल्याही ठिपक्यावर उभे राहिले तरी हेच दिसेल, म्हणून केंद्र कोणीच नाही. पसरते ती जागा, आणि तिच्यातून येणाऱ्या प्रकाशाची लहरही तितकीच ताणली जाते. देवयानी आणि आकाशगंगा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, की तिथे प्रसरणावर गुरुत्वाकर्षण मात करते.

प्रकाशाला पोहोचायला वेळ लागतो, म्हणून लांबचे पाहणे म्हणजे जुने पाहणे. मग लांबच्या दीर्घिकांचे आकार जवळच्यांसारखेच असावेत का? या प्रश्नावर विसाव्या शतकातला एक मोठा वाद उभा होता. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्व प्रसरण पावते, पण सतत नवे द्रव्य निर्माण होत असल्याने त्याचे एकंदर रूप सर्वकाळ सारखेच राहते. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉयल यांचे विद्यार्थी होते. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून, पूर्वीचे विश्व आजच्यापेक्षा वेगळे होते असा दावा केला, तेव्हा त्याचा प्रतिवाद लंडनच्या सभेत करण्याची जबाबदारी या तरुण विद्यार्थ्याने पेलली. १९६५ मध्ये सूक्ष्मतरंगांचे पार्श्वप्रारण सापडल्याचे जाहीर झाल्यावर पारडे, विश्वाची सुरुवात तप्त आणि दाट अवस्थेतून झाली असे सांगणाऱ्या महास्फोट सिद्धांताकडे झुकले. नारळीकरांनी मात्र, त्याच सिद्धांताचे सुधारित रूप मांडत, प्रस्थापित मताला शेवटपर्यंत प्रश्न विचारले. त्यांची बाजू बहुतेकांनी स्वीकारली नाही. तरीही सिद्धांताची कसोटी दूरच्या दीर्घिकांवर लागली पाहिजे हा त्या वादाचा गाभा होता आणि तो टिकला.

आज ती कसोटी पुण्यातही लागते आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक दीर्घिका हुडकली. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या दीर्घिकेला त्यांनी अलकनंदा हे नाव दिले. तिच्यापासून निघालेला प्रकाश सुमारे १२०० कोटी वर्षे प्रवास करून आला आहे. विश्वाचे वय तेव्हा जेमतेम १५० कोटी वर्षे होते. वाटेत प्रकाशाच्या लहरी पाचपट ताणल्या गेल्या, म्हणून तिथला हिरवा प्रकाश इथे अवरक्त होऊन पोहोचतो. प्रकाश निघाला तेव्हा अलकनंदा ५०० कोटी प्रकाशवर्षांहून कमी अंतरावर होती, आज ती सुमारे २४०० कोटी प्रकाशवर्षांवर असणार.

आणि तिला दोन सुबक, डौलदार भुजा आहेत. मध्ये उठावदार गाभा, भोवती सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे रुंदीची तबकडी.

खळबळ आहे ती या सुबकपणाची. भुजा उमटायला तबकडी आधी शांतपणे फिरती व्हावी लागते, आणि त्या काळातले चित्र प्रामुख्याने ओबडधोबड, गुठळ्यागुठळ्यांच्या दीर्घिकांचे, टकरींच्या धामधुमीचे मानले जात होते. सर्पिल रूप नाजूक असते. आलार आणि युरी टूम्रे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवले, की दोन तबकड्या एकमेकींजवळून गेल्या तरी ताऱ्यांच्या लांबच लांब शेपट्या ओढल्या जातात. टक्कर पुरती झाली, की भुजा विसकटून गोळीव, लंबवर्तुळाकार दीर्घिका उरते. कन्या तारकासमूहातली मेसिए ८७ ही प्रचंड दीर्घिका अशाच विलीनीकरणांतून वाढली असावी. तिच्यात बहुतांश तारे म्हातारे, नवे तारे घडवायला थंड वायू अगदी थोडा. म्हणजे आकार हा जन्मखूण नसून घडलेल्या इतिहासाची नोंद आहे.

अलकनंदा आजच्या दीर्घिकांसारखी दिसते म्हणून स्थिर स्थिती सिद्धांत परत आला, असे म्हणता येणार नाही. एका दीर्घिकेवरून जनगणना होत नाही, आणि त्या काळात अशा सुघड दीर्घिका मोजक्याच दिसतात. पण तबकड्या सावकाश स्थिरावतात हा अंदाज मात्र दुरुस्त करावा लागणार आहे.

प्रसरणाच्या दरावरून विश्वाचे वय सांगणारे घड्याळही अजून पुरते जुळलेले नाही. हबल यांचा प्रसरणदर दर दशलक्ष पार्सेकला सेकंदाला ५०० किलोमीटर होता आणि त्यावरून विश्वाचे वय पृथ्वीवरच्या खडकांपेक्षा कमी निघे. वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये सेफीड दोन जातींचे असल्याचे जाहीर केले, तेव्हा सगळी अंतरे दुपटीने वाढली. आज सूक्ष्मतरंगांच्या त्या पार्श्वप्रारणावरून हा दर ६७ च्या आसपास येतो, तर सेफीड आणि सुपरनोव्हांवरून ७३ च्या. फरक लहान दिसतो, पण दोन्हीकडच्या मोजमापांची अचूकता पाहता तो चुकून आलेला वाटत नाही. शिवाय १९९८ पासून आपल्याला ठाऊक आहे, की प्रसरणाचा वेग वाढतो आहे.

अलकनंदेबाबत पुढचे काम ठरलेले आहे. तिच्या दोन बाजूंचे वर्णपट वेगवेगळे घेऊन तबकडी किती शिस्तीत फिरते ते मोजायचे. फिरणे शिस्तीत आणि एकसारखे निघाले, तर भुजा तिच्या स्वतःच्या. गडबड दिसली, तर जवळून गेलेल्या एखाद्या शेजारणीने त्या ओढून काढल्या असण्याची शक्यता तपासावी लागेल.