फडाचा मालक कोण?

नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्यात 1950च्या सुमारास ‘तो फडावर गेलाय’ असं कुणी सांगितलं, तर शोधायला निघालेल्याला महिना आणि तिथी ठाऊक असावी लागे. मार्गशीर्ष वद्य एकादशीच्या आगेमागे, देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेत, फड म्हणजे तमाशाचा नाहीतर कुस्त्यांचा. आषाढी जवळ आली की वारकऱ्यांचा. एरवी बहुधा आरम किंवा मोसम नदीच्या बंधाऱ्याखालचा, पाटाच्या पाण्याचा. (फडणिसाला मात्र या भावकीत ओढू नये, तो फारसी ‘फर्दनवीस’.)

एवढ्या वेगळ्या गोष्टींना लोकांनी एकच नाव दिलं ते आळसाने नव्हे. प्रत्येक फडात अनेक माणसं एका शिस्तीने बांधलेली असतात, आणि ती शिस्त मोडली की मागे नुसती जागा उरते. पाटाच्या फडात हे सर्वांत स्पष्ट दिसतं. बंधाऱ्याखालच्या क्षेत्राचे तीन-चार फड पाडलेले असत. एका फडात त्या वर्षी एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात हंगामी काही, एखादा पडीक. पुढच्या वर्षी पाळी फिरायची. शेतकऱ्याचे तुकडे सहसा वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असल्यामुळे उसाचा पैसा एकाच्याच घरात जात नसे आणि पडिकाचा तोटाही एकट्याच्या माथी बसत नसे. पाणी पाटकरी द्यायचा, मालकाने दारं धरायची नाहीत. राखणीला जागल्या. पाटातला गाळ काढायला ज्याची जमीन जास्त त्याचे हात जास्त. सातबारा प्रत्येकाच्या नावावर, पण पेरायचं काय हे फड ठरवणार. इंजिनियर विश्वेश्वरय्यांची उमेदीची वर्षं नाशिक-खानदेशात गेली; पुढे नीरा कालव्यावर त्यांनी आणलेल्या, क्षेत्राचे गट पाडून पाळीने पिकं घेण्याच्या ब्लॉक पद्धतीत मला या फडाची सावली दिसते.

आज या पद्धतीचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. ते एक गोष्ट सोडून देतात. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला जमीन नाही त्याला फडात काम होतं, बोलणं नव्हतं. जागल्याला धान्य मिळे, पंचांत जागा मिळत नसे. तमाशाच्या फडातही तेच: नाव फडमालकाचं, घाम उचल घेतलेल्या कलावंतांचा. फड सगळ्यांचा असतो, पण सारखा सगळ्यांचा कधीच नव्हता.

पुढे आरमच्या खोऱ्यात केळझर आणि मोसमवर हरणबारी ही धरणं झाली. पाणी कधी सुटणार हे पाटकऱ्याऐवजी पाटबंधारे खातं ठरवू लागलं. विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या, मग कांदा, डाळिंब, द्राक्ष, ठिबक, शेततळं. ज्याचं पाणी त्याच्या बांधाच्या आत आलं, त्याला शेजाऱ्याने काय पेरलं याच्याशी देणंघेणं राहिलं नाही. सरकारी कागदात फडाच्या जागी ‘लाभक्षेत्र’ आलं. त्या शब्दात लाभ तेवढा उरला, गाळ काढणं गेलं.

तुटलेलं पुन्हा जोडण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. नाशिकजवळ ओझरला वाघाड धरणाच्या पाण्यावर शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था चालवून दाखवल्या, आणि 2005मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदाही राज्यात झाला. त्यात संस्थेला मोजून पाणी मिळतं, आणि त्या कोट्यात कोणतं पीक घ्यायचं हे सभासदाच्या मर्जीवर आहे. फडाने नेमकी हीच मर्जी काढून घेतली होती, म्हणून तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत होतं. डाळिंबाची बाग उभी केलेला आजचा शेतकरी ती मर्जी परत देणार नाही, आणि त्याने ती द्यावी असं मीही म्हणणार नाही. कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. पण विहीर आटल्यावर टँकरने बाग जगवायची वेळ येते, तेव्हा तो खर्चही त्याच्या एकट्याच्याच नावावर पडतो.