बिचारा जेसीबी

या आठवड्यातही केबल जेसीबीनंच तोडली. नेट गेलं की श्रीगोंद्यात दुसरा आरोपी सापडतच नाही. पाऊस, लाइट, माकडं ही सटरफटर कारणं. जेसीबी म्हटलं की गिऱ्हाईक गप्प. रविवारी कामाला सुट्टी, तरी जेसीबी. सोमवारी दौंड रोडला जेसीबी. मंगळवारी केबलवाला पोरगा शिडी लावून खांबावर चढला आणि वरूनच म्हणाला, "काका, जेसीबी!" आमच्या गल्लीत वायर खांबावरून येते, वीस फूट उंचीवरून. जेसीबी उडायला लागला असेल तर त्याचा सत्कार ठेवायला हवा.

मोठी केबल जमिनीखालून येते, कबूल. खोदणाऱ्यानं आधी केबलवाल्याला कळवावं म्हणून मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲपही आलं. ॲपला नेट लागतं, ते सोडा.

कंपनी बदला, असं पोरं सांगतात. बदलली. नव्याची वायर त्याच खांबावर, त्याच दिवशी मेली, आणि त्याचाही जेसीबीच निघाला.

मोबाइलवर जावं, तर तिथं माझं जुनं दुखणं: अठ्ठावीस दिवसांचा महिना. वर्षाला तेरा रिचार्ज. २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं बजावलं, निदान एक पॅक तीस दिवसांचा ठेवा. ठेवला, मागितला तर मागच्या फळीवरून काढून देतात. दराचं तर बोलूच नका. २७ जून २०२४ ला जिओनं वाढ सांगितली, दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानं. काष्टीच्या बैलबाजारात भाव करायला हातावर रुमाल तरी टाकतात. संगनमत होतं असं मी म्हणत नाही. दर कंपन्यांनीच ठरवायचे हे ट्रायचं धोरण, आणि खासगीत गडी उरलेत तीन. एकानं तोंड उघडल्यावर बाकीचे कशाला थांबतील? बीएसएनएलनं तेव्हा वाढवले नाहीत, तिकडे गेलेले आमचे शेजारी अजून गच्चीवर रेंज शोधतात.

वायर तुटते, त्याचा राग नाही. "काय झालंय माहीत नाही, बघून सांगतो," एवढं बोलायला कुणाचे पैसे पडतात? पण गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाणार कुठं, हे ठाऊक असलं की खरं बोलायची तसदी कोण घेतो?

पोराला चहा पाजला, उतरताना शिडीही धरली. त्याचा काय दोष, त्याला वरून जे सांगतात ते तो खाली सांगतो.

हा मजकूर संपादकांकडे एक दिवस उशिरा पोचतोय. लिहायला बसलोच बुधवारी, हे त्यांना सांगणार नाही. काय सांगायचं ते ठरलंय.